लाईटचं बिल, विधानभवनातलं बिल आणि उंदराचं बीळ

आमच्या गल्लीतला एक मुलगा आहे, सकाळी एमपीएससीचा अभ्यास करतो आणि संध्याकाळी नागपूरच्या इतवारीत मामाच्या हार्डवेअरच्या दुकानात बसतो. परवा त्याने मला विचारलं, "काकू, दुकानात मी बिल फाडतो, घरी लाईटचं बिल येते, अन् डिसेंबरात विधानभवनात बिल मांडतात, हे सगळं एकच बिल आहे का? अन् क्लासमध्ये एका सरांनी सांगितलं का हा शब्द मुळात संस्कृत आहे, बिल म्हणजे बीळ, पैसा जाते ते भोक. खरं आहे का हे?"

गेटपाशी उभ्या उभ्या सांगण्यासारखं उत्तर नव्हतं म्हणून म्हटलं लिहूनच देते. मी तीस वर्षं इंग्रजीतून मराठीत कायद्याच्या आणि व्यापाराच्या कागदांची भाषांतरं केली, बहुतेक सिव्हिल लाइन्सच्या त्या कोर्टाच्या पट्ट्यातच, आणि एका शब्दावर मी सगळ्यात जास्त वेळा पेन थांबवलं असेल तर तो हाच, बिल. तीन-चार अक्षरांचे मोठे लॅटिन शब्द त्रास देत नाहीत, ते डिक्शनरीत एका अर्थाने बसलेले असतात. हा एवढासा शब्द मात्र प्रत्येक कागदात वेगळा निघतो.

आधी बिळाचं निपटवते. संस्कृतात बिल हा शब्द आहे, अर्थ भोक, गुहा, उंदरा-सापाचं राहायचं ठिकाण, आणि मराठीत त्याचं बीळ झालं, इथपर्यंत सरांचं बरोबर. पण त्यातच त्यांच्या म्हणण्याचं उत्तर आहे बघ. संस्कृतातला दोन स्वरांच्या मधला एकटा ल मराठीत येता येता ळ होतो, हे इतकं नियमाने झालंय की तू स्वतः मोजून पाहू शकतोस, फल चं फळ, काल चं काळ, बाल चं बाळ, जल चं जळ, आणि त्याच ओळीत बिल चं बीळ. जिथे ल ला जोड होता तिथे मात्र तो ल च राहिला, बिल्व चं बेल झालं, बेळ नाही झालं, तैल चं प्राकृतात तेल्ल झालं म्हणून आपण तेल म्हणतो तेळ म्हणत नाही. म्हणजे जो शब्द हजार-दीड हजार वर्षं लोकांच्या जिभेवरून घासत आला त्याच्या अंगावर हा ळ चा वळ दिसतोच. आपल्या लाईटच्या बिलावर तो नाही, आणि कागद, रक्कम, मागणी या अर्थाने बिल हा शब्द जुन्या मराठीत कुठे भेटतही नाही, तो इंग्रजांच्या कचेऱ्यांबरोबर आला. त्यामुळे ऐकायला सारखं आहे एवढंच, नातं नाही. शब्दांचं नातं कानाने लावायचं नसतं, तो कोणत्या रस्त्याने आला, वाटेत कोणत्या कागदात कोणत्या रूपात सापडतो ते बघावं लागतं. पैसा जातो ते भोक हे लक्षात ठेवायला सोपं आहे म्हणूनच ते जास्त पसरतं, आणि म्हणून मला ते खोडून काढणं गरजेचं वाटतं.

आता खरा रस्ता. लॅटिनमध्ये बुल्ला असा शब्द होता आणि त्याचा पहिला अर्थ पाण्यावरचा बुडबुडा. हो, बुडबुडा. आपल्याकडे जसं आयुष्य म्हणजे पाण्यावरचा बुडबुडा म्हणतात तसंच रोमन लोकही म्हणायचे, वारो नावाचा त्यांचा एक मोठा विद्वान होऊन गेला, त्याने ऐंशीव्या वर्षी लिहायला बसताना सुरुवातीलाच म्हटलंय की माणूस बुडबुडा आहे तर म्हातारा माणूस त्याहून जास्त, म्हणून लवकर आवरतो. मग बुडबुड्यासारखं जे जे गोल, फुगीर, वर आलेलं दिसेल त्याला बुल्ला म्हणायला लागले, दारावरचा फुगीर खिळा बुल्ला, पट्ट्यावरची गोल घुंडी बुल्ला, आणि रोमन घरातल्या मुलाच्या गळ्यात घालायचा गोल पोकळ ताईतही बुल्ला. श्रीमंताघरी तो सोन्याचा, साध्या घरात कातड्याचा. नजर लागू नये म्हणून घालायचे, अगदी आपल्या आज्या लेकराच्या गळ्यात चांदीत मढवलेलं वाघनख घालतात तसं. मुलगा मोठा झाला, मोठ्या माणसाचा पांढरा पायघोळ टोगा त्याच्या अंगावर आला की तो ताईत काढून घरच्या देवांपुढे ठेवायचा. डॉक्टर लोक आजही अंगावरच्या मोठ्या पाण्याने भरलेल्या फोडाला बुल्लाच म्हणतात, तो जुना अर्थ त्यांच्याकडे जसाच्या तसा जपलेला आहे.

बुडबुड्यापासून बिलापर्यंत कसं यायचं, तर मधली पायरी आहे शिक्का. मध्ययुगात युरोपात महत्त्वाच्या कागदाला दोरी ओवून तिच्यावर शिशाचा एक गोल गोळा दाबायचे आणि त्याच्यावर ठसा उमटवायचे. तो गोल चपटा गोळा दिसायला घुंडीसारखाच म्हणून त्यालाही बुल्ला म्हणायला लागले. पोपच्या शिक्क्यावर एका बाजूला संत पीटर आणि संत पॉल यांचे चेहरे असायचे, दुसऱ्या बाजूला त्या त्या पोपचं नाव, आणि दोरीसुद्धा ठरलेली, कोणाला काही सवलत किंवा हक्क दिला असेल तर रेशमाची, न्यायनिवाड्याचा हुकूम असेल तर हेम्प नावाच्या अंबाडीसारख्या जाड धाग्याची. म्हणजे वाचता न येणाऱ्या माणसालाही दोरी बघून कळायचं की हातात आलं ते काय आहे. पुढे लोक शिक्क्याचं नाव अख्ख्या कागदालाच लावायला लागले, म्हणून पोपच्या फर्मानाला आजही इंग्रजीत बुल म्हणतात. त्या बुलचा बैलाशी काही संबंध नाही, बैलवाला बुल जर्मानिक, म्हणजे जर्मन-इंग्रजी ज्यात येतात त्या भाषांच्या घराण्यातला. पोप सहावा अलेक्झांडर याने १४९३ मध्ये असंच एक बुल काढून समुद्रात एक रेघ ठरवली आणि तिच्या पलीकडच्या नव्या मुलखावर स्पेनचा हक्क सांगितला, पोर्तुगालला ते पटलं नाही आणि १४९४ मध्ये दोघांनी तह करून ती रेघ सरकवली. सम्राट चौथा चार्ल्स याने १३५६ मध्ये काढलेलं फर्मान तर सोन्याच्या शिक्क्यामुळे गोल्डन बुल म्हणूनच ओळखतात, जर्मन सम्राट निवडायचा हक्क कोणत्या सात जणांचा ते त्यात ठरवून दिलं होतं.

शिक्क्याचं नाव दुसऱ्याच वस्तूला चिकटणं हे आपल्याला नवीन नाहीये. मोहोर हा फारसी शब्द, अर्थ शिक्का, ठसा. ठसा मारलेल्या सोन्याच्या नाण्यालाच आपण मोहोर म्हणायला लागलो. शिक्का म्हणजे नाणंही आणि ठसाही. मराठेशाहीतल्या पत्राच्या शेवटी मोर्तब सूद असं लिहायचे, म्हणजे शेवटचा छोटा शिक्का उमटला, आता यापुढे कोणी ओळ घुसडू शकत नाही. शिवाजी महाराजांच्या पत्रांवर वर अष्टकोनी राजमुद्रा आणि खाली मर्यादेयं विराजते हे मोर्तब, ते याचसाठी, मजकूर इथे संपला. आज आपण कॅबिनेटने निर्णयावर शिक्कामोर्तब केलं असं पेपरात वाचतो तेव्हा कोणी शिशाचा नाही की शाईचा नाही असा कोणताच शिक्का मारत नसतो, शब्द मात्र तोच. लॅटिन बुल्लाचं पण हेच झालं, वस्तू गळून पडली, नाव राहिलं.

इंग्लंडच्या कचेऱ्यांमध्ये जी लॅटिन लिहायचे तिच्यात बुल्लाचं बिल्ला असं रूप झालं आणि त्यावरून चौदाव्या शतकातल्या इंग्रजीत बिल. तोपर्यंत शिक्क्याची अट सुटली होती, कोणताही औपचारिक लिहिलेला कागद म्हणजे बिल, यादी असो, चिठ्ठी असो, तक्रार असो. आणि हा तक्रारीचा अर्थ तू नीट धरून ठेव कारण विधानभवनातलं बिल तिथूनच निघालंय. सामान्य माणूस राजाच्या न्यायाधीशापुढे लेखी गाऱ्हाणं घेऊन जायचा, ते बिल. संसदेतले लोक राजाकडे अर्ज करायचे की महाराज अमुक गोष्टीचा कायदा करा, तेही बिल. आता अडचण अशी व्हायची की अर्ज एक असायचा आणि राजाचे लोक त्यावरून जो कायदा लिहायचे तो भलताच निघायचा. म्हणून पंधराव्या शतकात सहाव्या हेन्रीच्या काळापासून संसदेने अर्ज करायची पद्धत बदलली, कायदा ज्या शब्दांत हवा त्याच शब्दांत पूर्ण लिहूनच द्यायचा, राजाने फक्त हो किंवा नाही म्हणायचं. तेच आजचं बिल. मला विचारशील तर या शब्दाच्या सगळ्या इतिहासात ही जागा सगळ्यात मोठी आहे, कारण इथे मागणाऱ्याच्या हातात लेखणी आली.

त्याच काळातली एक छोटी गोष्ट सांगते. तिथे फौजदारी आरोपाचा कागद, त्यालाही बिलच म्हणायचे, आधी पंचांपुढे ठेवायचे. पुरावा पुरेसा वाटला तर पाठीवर लिहायचे खरं बिल, नाही वाटला तर लॅटिनमध्ये इग्नोरामुस, म्हणजे आम्हांला ठाऊक नाही. तोच इग्नोरामस शब्द पुढे अडाणी माणसासाठी वापरात आला.

तर आपल्याकडे. राज्यघटनेच्या कलम १९६ पासून पुढे राज्याच्या विधिमंडळात विधेयक कसं मांडायचं, कसं मंजूर करायचं ते आहे, कलम १९९ मध्ये धनविधेयक म्हणजे काय ते आहे, आणि कलम २०० मध्ये राज्यपालांची संमती. संमती मिळाली की ते बिल राहत नाही, अधिनियम होतो, परीक्षेत हे उलटसुलट लिहू नको. १९५३ च्या नागपूर करारात वर्षातून ठरावीक काळ सरकार नागपुरात आणायचं ठरलं, म्हणून हिवाळी अधिवेशन इथे होतं आणि म्हणून तुला डिसेंबरात बिल हा शब्द चहाच्या टपरीवरही दोन्ही अर्थांनी ऐकू येतो. इंग्लंडच्या १६८९ च्या बिल ऑफ राइट्सला मात्र संमती मिळून तीनशे वर्षं झाली तरी नाव बिलच राहिलंय. मराठीत त्याला हक्कांची सनद म्हणतात आणि हे भाषांतर मला फार आवडतं, ज्याने कोणी केलं त्याने विधेयक हा शब्द टाळून सनद घेतला, सनद म्हणजे शिक्क्याचा कागद, म्हणजे नकळत शब्द फिरून आपल्या मूळ घरी गेला.

मराठीने काय केलं ते आता बघ, कारण मला अभिमान वाटतो त्याचा. इंग्रजीत जे एक बिल आहे त्याचे आपण वेगवेगळे शब्द पाडले. सभागृहातलं विधेयक, पैशाचं देयक, व्यापारातलं हुंडी किंवा विनिमयपत्र, भिंतीवरचं जाहिरात किंवा पत्रक. विधेयक आणि देयक शेजारी ठेवले की एकाच साच्यातले वाटतात, पण दोघांचे धातू वेगळे. देयक दा धातूपासून, दा म्हणजे देणे, देय म्हणजे द्यायचं ते. विधेयक धा धातूपासून, वि लागून विधा, म्हणजे ठरवणे, करणे, विधेय म्हणजे जे करायचं ठरवायचं आहे ते. एका अक्षराच्या प्राणाचा फरक, द आणि ध, आणि अर्थ किती लांब. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांना मी पहिल्या आठवड्यात हेच दोन शब्द लिहून द्यायची.

पण बोलताना देयक म्हणायचा आग्रह मी कधी धरला नाही आणि धरणारही नाही. लाईटचं देयक आलं का असं घरात कोणी म्हणत नाही, म्हणायची गरजही नाही. बिल आपल्याकडे येऊन पुरतं मराठी झालंय, त्याला आपण नपुंसकलिंग दिलं, ते बिल, बिलं, बिलाचे पैसे, बिलात चूक, हिंदीवाले त्याला पुल्लिंगात घेतात, आपण आपल्या पद्धतीने घेतलं. त्याचे वाक्प्रचारही झाले, पक्कं बिल, कच्चं बिल, चूक एकाची आणि बिल दुसऱ्याच्या नावावर फाडलं. ज्या शब्दाचे वाक्प्रचार झाले तो शब्द पाहुणा राहिला नाही. आग्रह धरायचा तो लेखी कागदात, जिथे शब्दावर कोणाचे पैसे किंवा हक्क अवलंबून आहेत तिथे.

याचं एक उदाहरण माझ्या डोळ्यांसमोरचं आहे. कळमन्याच्या एका छोट्या व्यापाऱ्याचा वसुलीचा दावा होता, त्याच्याकडे मुख्य पुरावा म्हणजे बिल ऑफ एक्स्चेंज. आधीच्या कोणी तरी मराठी भाषांतरात त्याचं देवाणघेवाणीचे बिल असं करून ठेवलं होतं. समोरच्याने तेच धरलं, म्हणे हे तर दुकानाचं बिल आहे, असं बिल तर कोणीही फाडेल, त्याने काय सिद्ध होतं. मूळ इंग्रजी कागद काढून, पुन्हा भाषांतर करून लावेपर्यंत तारीख पडली, आणि त्या माणसाला आणखी काही महिने वाट बघावी लागली. तो माझ्याकडे कागद घेऊन आला तेव्हा त्याचा चेहरा मी विसरलेली नाही, एका शब्दासाठी तो खेटे घालत होता आणि चूक त्याची नव्हती.

फरक काय तो नीट समजून घे, तुला दुकानातही कामाचा आहे. तू जे बिल फाडतो ती मागणी आहे, मी माल दिला, एवढे झाले, द्या. समोरच्याने दिले नाहीत तर माल खरंच दिला होता का, भाव तोच ठरला होता का हे सगळं तुला दाखवावं लागेल. बिल ऑफ एक्स्चेंज ही मागणी नाही, तो हुकूम आहे. निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट, १८८१, त्याच्या कलम ५ मध्ये व्याख्या दिलीय, लेखी हवं, विनाअट हवं, लिहिणाऱ्याची सही हवी, आणि त्यात एका ठरावीक माणसाला सांगितलेलं हवं की अमुक रक्कम अमक्याला किंवा तो सांगेल त्याला किंवा कागद आणणाऱ्याला दे. लगेच पुढचं कलम ६ चेकचं आहे, आणि चेक म्हणजेही एक बिल ऑफ एक्स्चेंजच, फक्त तो बँकेवर काढलेला आणि मागताक्षणी द्यायचा. म्हणजे तुझ्या खिशातलं चेकबुक हे बिलांचंच पुस्तक आहे.

आणि आपल्या सावकारी पेढ्यांमध्ये ही गोष्ट इंग्रज यायच्या आधीपासून होती, हुंडी. दाखवल्याबरोबर पैसे द्यायचे ती दर्शनी हुंडी, ठरलेल्या दिवसांनी द्यायचे ती मुदती, कोणाही ऐऱ्यागैऱ्याला न देता पत असलेल्या शहालाच म्हणजे सावकारालाच द्यायचे ती शहाजोग. त्या १८८१ च्या कायद्याने पहिल्याच कलमात देशी भाषेतल्या अशा कागदांचा स्थानिक रिवाज राखून ठेवलाय. म्हणून मी भाषांतरात विनिमयपत्र लिहिते पण बाजूला व्यापाऱ्याला समजावताना हुंडीसारखं असंच सांगते, त्याला ते एका शब्दात कळतं.

ट्रान्सपोर्टचं राहिलं. तुझ्या मामाचा माल वाडी भागातल्या ट्रान्सपोर्टवाल्याकडून येतो तेव्हा तो बिल्टी देतो नं, हा बिल्टी शब्द याच घराण्यातला आहे. इंग्रजीत छोट्या बिलाला, चिठ्ठीला बिलेट म्हणायचे, हिंदीच्या कोशकारांनी बिलटीचं मूळ तेच दिलंय, रेल्वेने पाठवलेल्या मालाची पावती, जी दाखवली की माल सुटतो. रेल्वेतून ती ट्रकवर आली. आता २०१८ च्या एप्रिलपासून तिच्यासोबत ई-वे बिलही लागतं, साधारण पन्नास हजारांच्या वरचा माल असेल तर. आणि जीएसटीत आणखी एक बारकावा झालाय, जो व्यापारी कंपोझिशनमध्ये, म्हणजे लहान व्यापाऱ्यांच्या ठोक कराच्या योजनेत, आहे किंवा ज्याचा माल करमुक्त आहे त्याने टॅक्स इन्व्हॉइस द्यायचं नाही, त्याने बिल ऑफ सप्लाय द्यायचं, कारण तो गिऱ्हाइकाकडून वेगळा कर घेऊच शकत नाही. रोजच्या बोलण्यात दोन्हीला आपण बिलच म्हणतो, पण कायद्याने दोन वेगळे कागद झाले. इन्व्हॉइस शब्दाचं मूळही लॅटिनच, व्हिया म्हणजे रस्ता, रस्त्याला लावलं, पाठवलं, त्या मालाची यादी.

आता बुल्लाची बाकीची लेकरं दाखवते कारण ती नागपुरात सगळीकडे पसरलेली आहेत आणि कोणाला माहीत नसतं की ही भावंडं आहेत. बुल्ला म्हणजे बुडबुडा, त्यावरून लॅटिन क्रियापद बुल्लिरे, बुडबुडे येणे, उकळणे, त्यावरून फ्रेंचमार्गे इंग्रजी बॉइल आणि त्यावरून बॉयलर. म्हणजे कोराडीला ज्या बॉयलरमध्ये वाफ होऊन वीज बनते तो बॉयलर आणि त्या विजेचं महिन्याच्या शेवटी येणारं बिल, दोन्ही एकाच बुडबुड्यातून निघालेत. आणि यातही एक गंमतीशीर खरी गोष्ट आहे, कोराडीचे ते नवे ६६० मेगावॅटचे तीन संच आहेत नं, ते सुपरक्रिटिकल आहेत, तिथे पाण्यावरचा दाब इतका जास्त असतो, साधारण २२१ बारच्या वर (बार हे दाब मोजायचं माप), की पाण्याची वाफ होताना बुडबुडे येतच नाहीत, पाणी आणि वाफ यांच्यातली सीमाच पुसली जाते. बुडबुड्यावरून नाव पडलेल्या यंत्रात बुडबुडाच नाही. बिलावर शिक्का उरला नाही तसंच हे.

उकळण्यावरूनच बुलियन, वितळवलेलं सोनं-चांदी, म्हणजे तुमच्या दुकानापासून चार पावलांवर सराफा ओळीत ज्याचा भाव रोज विचारतात ते. गोल या अर्थाने फ्रेंचमध्ये बूल म्हणजे गोळा, त्याचं लहान रूप बुलेट, आधी तोफ-बंदुकीचा गोळा, मग गोळी, मग मोटरसायकल. त्याच बूलवरून इंग्रजीत बोल म्हणजे जमिनीवरून घरंगळत टाकायचा लाकडी गोळा, आणि तो टाकणारा तो बोलर. खापरखेड्याजवळच्या वलनी खाणीच्या वसाहतीत वाढलेला उमेश यादव २०११ च्या नोव्हेंबरात दिल्लीला टेस्ट खेळला, तो याच शब्दाचा मानकरी. आणि आपला गोलंदाज शब्द तर बघ, फारसी वळणाचा, गोळा फेकणारा, मराठ्यांच्या फौजेत तोफ डागणाऱ्याला गोलंदाज म्हणायचे. दोन्ही भाषांनी वेगवेगळ्या रस्त्याने गोळ्यावरून जाऊन एकाच माणसाला नाव दिलं. बोलरच्या हातातला बॉल मात्र या घरचा नाही, तो जर्मानिक.

इटालियनमध्ये शिक्क्याच्या छोट्या कागदावरून बुलेटिन झालं, रेडिओवरचं बातमीपत्र. भिंतीवर चिकटवायच्या जाहिरातीलाही बिलच म्हणायचे म्हणून बिलबोर्ड, वर्धा रोडने विमानतळाकडे जाताना दिसतात ते.

आणि जे या घरचे वाटतात पण नाहीत ते पण सांगून ठेवते, नाहीतर मी सरांचीच चूक करेन. पक्ष्याच्या चोचीला इंग्रजीत बिल म्हणतात तो जुना इंग्रजी शब्द, वेगळा. बिल नावाचा माणूस विल्यमचा लाडका उच्चार. बॅलट इटालियनमधल्या छोट्या चेंडूवरून, गुप्त मतदानात गोट्या टाकायचे म्हणून, पण तो चेंडू जर्मानिक. आणि बजेट, जे विधानभवनात बिलाच्या जोडीनेच ऐकू येतं, ते लॅटिन बुल्गा म्हणजे कातडी पिशवीवरून. बुल्ला आणि बुल्गा कानाला शेजारी, कोशात वेगळ्या पानावर.

तू विचारलंस की हे सगळं एकच बिल आहे का. शब्द एकच आहे, हो. पण मी भाषांतराला बसते तेव्हा शब्दाकडे आधी बघतच नाही, तीन प्रश्न विचारते, हा कागद कोण देतोय, कोणाला देतोय, आणि त्याच्याकडून काय हवंय. सभासद सभागृहाला देतोय आणि मंजुरी हवीय तर विधेयक. विकणारा घेणाऱ्याला देतोय आणि पैसे हवेत तर देयक. एक जण दुसऱ्याला सांगतोय की तिसऱ्याला दे, तर विनिमयपत्र. माल नेणारा माल पाठवणाऱ्याला देतोय आणि माल पोचल्यावर ओळख पटवायचीय तर बिल्टी, आणि बिल्टीला मी दुसरा शब्द शोधत बसत नाही, वाडीपासून कळमन्यापर्यंत प्रत्येक हमालाला तो कळतो.

तुझ्या परीक्षेसाठी एवढं कर, उत्तरपत्रिकेत बिल लिहू नको, विधेयक लिही, आणि विधेयक आणि अधिनियम यातला फरक लिहून सोबत कलम दे. आणखी एक, तू म्हणशील इंग्रजीने आपल्याला एवढा शब्द दिला, आपण काय दिलं, तर चिठ्ठी दिली. इंग्रजीत चिट म्हणून जो छोट्या कागदाचा शब्द आहे तो आपल्याकडच्या चिठ्ठीवरूनच गेलाय, साहेब लोकांच्या बंगल्यातून नोकराच्या हाती या घरून त्या घरी चिठ्ठ्या जायच्या त्यातून.

उद्या दुकानात बिल्टी आली की तिच्याकडे एकदा नीट बघ. खाली उजव्या कोपऱ्यात ट्रान्सपोर्टवाल्याचा निळ्या शाईचा गोल शिक्का असतो, बहुतेक अर्धवट उमटलेला. तो गोल म्हणजेच बुल्ला. मामाला सांग तो शिक्का बघितल्याशिवाय माल उतरवून घेऊ नका.